आधी पाणी तपासा, मग मासा

मे महिन्यातली पहाट. एरंडोलच्या घरांच्या भिंतींत मुरलेली दिवसाची धग अजून पुरती निवलेली नाही. परसातल्या सिमेंटच्या हौदात दहा कोई मासे आहेत असे समजू. काही लाल-पांढरे, काही केशरी, एक पिवळाधमक. एरवी पावलांची चाहूल लागली की ते काठाशी गर्दी करतात. आज मात्र सगळे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हवा ओढत आहेत आणि सर्वांत मोठा मासा तळाशी कलंडला आहे. अशा वेळी घरातल्यांची पहिली धाव असते ती दुकानाकडे. निळ्या औषधाची बाटली येते, अंदाजाने हौदात ओतली जाते. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मासे दगावतात आणि 'साथ आली' असा निष्कर्ष निघतो.

एरंडोल काय, धुळे काय किंवा पुणे काय, घरच्या हौदातले मासे आजारी पडले की बहुतेक ठिकाणी हेच घडते. चूक औषधातच असते असे नाही, ती क्रमात असते. माणूस आजारी पडला तर डॉक्टर आधी माणसाला तपासतात. मासा आजारी पडला तर आधी पाणी तपासावे लागते. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात मलमूत्र टाकतो. हे पाणी बिघडले की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ले कमजोर होतात आणि एरवी निमूट असणारे जंतू व परजीवी डोके वर काढतात. औषधाने जंतू मरेल, पण बिघडलेले पाणी तसेच राहील.

कोई हा मुळात साध्या कार्पचाच रंगीत भाऊबंद. जपानच्या निगाता भागातले शेतकरी खाण्यासाठी काळपट कार्प पाळत. त्यांत अधूनमधून रंगीत पिल्ले निपजत. एकोणिसाव्या शतकात ती निवडून वाढवता वाढवता आजचा कोई तयार झाला. नीट सांभाळला तर तो वीस-पंचवीस वर्षेही जगतो. म्हणजे हौदातला मासा घरातल्या मुलाबरोबर मोठा होऊ शकतो. तो जावा असे कोणालाच वाटत नाही, म्हणूनच घाई होते.

तीन प्रश्न: कधी, किती, कोण?

निदानाची सुरुवात कोणत्याही यंत्राशिवाय करता येते. त्रास कधी सुरू झाला? एकाच वेळी किती माशांना झाला? आणि आधी कोणाला झाला?

सगळे मासे एकाच पहाटे वर येऊन हवा ओढू लागले आणि ऊन चढल्यावर सावरले, तर संशय प्राणवायूवर घ्यावा. ठणठणीत मासे काही तासांत एकगठ्ठा मेले, तर विषबाधेचा विचार करावा. फवारणीचा पंप हौदाजवळ धुतला गेला का, नळाचे पाणी थेट सोडले का, हे विचारावे. एक मासा आज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने अशी रांग लागली, तर संसर्ग किंवा परजीवी असण्याची शक्यता वाढते. मासे हौदाच्या भिंतीला अंग घासत असतील, मध्येच उसळी मारत असतील, तर अंगावर किंवा कल्ल्यांत काहीतरी चिकटलेले असते. नवा मासा आणल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत जुने मासे आजारी पडू लागले, तर रोग पाहुण्याबरोबर आला, असे धरून चालावे.

प्राणवायूच्या कमतरतेत बहुधा सर्वांत मोठा मासा आधी कोसळतो, कारण त्याची गरज मोठी असते. वरच्या हौदातही मोठाच मासा कलंडला होता. ही खूण बाटली आणण्याआधी दिसायला हवी होती.

उन्हाळा आणि प्राणवायू

पाणी तापले की त्यात विरघळून राहणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमध्ये फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे सांगायला नको. उथळ, उघडा हौद अशा दिवसांत तापतोच. त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची भूक वाढलेली असते. आवक घटते आणि खर्च वाढतो.

यात रात्रीची भर पडते. पाणी हिरवे असेल तर त्यातले शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण अंधार पडल्यावर तेही प्राणवायू वापरू लागते. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवण्याआधी, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर पहाटेचे चित्र ठरलेले.

यावर उपाय सोपा आणि तातडीचा आहे. पंप सुरू करावा. वीज नसेल तर बादलीने पाणी उचलून उंचावरून पुन्हा हौदातच ओतत राहावे. दाणे बंद करावेत, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. पुढच्या उन्हाळ्यासाठी हौदावर शेडनेटची सावली आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप असावा. नवा हौद बांधायचा असेल तर खोली किमान सव्वा मीटर ठेवावी. खोल पाणी दिवसा लवकर तापत नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात रात्रीतून एकदम गारही पडत नाही.

न दिसणारे विष

पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, म्हणून ते चांगले आहे असे नाही. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमध्ये वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या हौदात ही वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौद बांधून झाला, पाणी भरले आणि दुसऱ्याच दिवशी दहा मासे सोडले, तर पंधरवड्यात मासे का मरतात याचे उत्तर इथे आहे.

थोडे गणित करून पाहू. आपला हौद ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर खोल आहे. म्हणजे त्यात ६,००० लिटर पाणी मावते. माशांच्या एक किलो खाद्यातून ढोबळमानाने ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. रोज १०० ग्रॅम दाणे टाकले तर ३ ग्रॅम अमोनिया, म्हणजे दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम. फिल्टर काम करत नसेल तर चार दिवसांत तो २ मिलिग्रॅमवर जातो.

हा सगळा अमोनिया सारखाच घातक नसतो. किती घातक, हे पाण्याचा सामू आणि तापमान ठरवतात. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम १ टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो सात-आठ टक्क्यांवर जातो, साडेआठला सुमारे २० टक्के आणि ९ ला तब्बल ४५ टक्क्यांच्या आसपास. हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दुपारनंतर सामू चढतो. सकाळी बरे असणारे मासे संध्याकाळी अस्वस्थ दिसतात, ते यामुळे. म्हणून तपासणी एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चारच्या सुमारास करावी.

अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजण्याचे थेंबांचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. हौद असलेल्या घरात थर्मामीटर आणि हे किट या दोन वस्तू औषधांच्या आधी हव्यात. अमोनिया किंवा नायट्राइट आढळले तर दाणे थांबवावेत, रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि फिल्टर नळाच्या पाण्याने धुऊ नये. फिल्टरचा स्पंज चकाचक धुणे म्हणजे त्यातली जिवाणूंची वस्ती उठवणे. तो हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका खळबळावा.

नळाचे पाणी, बोअरचे पाणी

पाणी बदलायचे म्हटले की नळ किंवा बोअर आठवते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाला येणाऱ्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणसाला कावीळ-पटकीपासून वाचवणारे हेच क्लोरीन माशाचे कल्ले जाळते. नळाचे पाणी वेगळ्या टाकीत एक-दोन दिवस उघडे ठेवून, त्यात हवा सोडून मगच वापरावे. घाई असेल तर क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट वापरतात.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण खोलवरून आलेल्या पाण्यात प्राणवायूही फारसा नसतो. खानदेशातल्या बेसाल्ट खडकातले पाणी अनेकदा जड असते. तेही टाकीत घेऊन, खळबळवून मगच हौदात सोडावे. कुठलेही पाणी असो, हौदातल्या पाण्याच्या तापमानाशी दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

आता मासा पाहू

पाणी निर्दोष निघाले आणि तरीही मासे बरे नसतील, तर मासा ओल्या हातांनी, मऊ जाळीतून पसरट टबमध्ये घ्यावा. कल्ल्याचे झाकण अलगद उचलून पाहावे. निरोगी कल्ला ताज्या डाळिंबासारखा लाल असतो. तो फिकट, तपकिरी किंवा पांढरे-लाल चट्टे पडलेला असेल तर ती महत्त्वाची खूण आहे.

काही शत्रू नुसत्या डोळ्यांना दिसतात. अर्ग्युलस म्हणजे माशाची ऊ. ती चपटी, गोलसर, जवळजवळ पारदर्शक असते आणि अंगावर सरकताना दिसते. लर्निया हा धाग्यासारखा परजीवी माशाच्या मांसात नांगरासारखा रुतून बसतो. हे चिमट्याने काढता येतात आणि जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावता येते. पण काम तिथे संपत नाही. अर्ग्युलस आपली अंडी माशावर नव्हे, तर दगड, फळ्या, भिंत अशा कठीण पृष्ठभागावर घालते. म्हणून हौदात एक-दोन लाकडी फळ्या सोडून ठेवाव्यात आणि दर आठवड्याला त्या काढून कडक उन्हात वाळवाव्यात. अंडीही त्याबरोबर जातात. खानदेशच्या उन्हाचा माशांना झालेला हा एकमेव फायदा म्हणावा लागेल.

इथे एक धोक्याची सूचना. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक घरात असते आणि 'किडाच मारायचा आहे, थोडे टाकून पाहू' असा मोह होतो. कपाशीसाठी सर्रास वापरली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधे माशांसाठी अत्यंत विषारी आहेत. थेंबांचा अंदाज चुकला तर उवांबरोबर मासेही जातील.

मिठाचे दाणे शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसले तर तो 'इक' नावाचा एकपेशीय परजीवी असू शकतो. त्याला गार ते कोमट पाणी मानवते, ३० अंशांच्या वर तो तग धरत नाही. त्यामुळे आपल्याकडे त्याचा संशय भर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात आणि ऋतू बदलताना घ्यावा. ठिपक्याच्या आत बसलेल्या परजीवीला पाण्यातले औषध पोहोचत नाही. तो बाहेर पडून, विभागून, नवा मासा शोधत पोहत असतानाच मारता येतो. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र तीन ते सहा दिवसांचे असते, गार पाण्यात कितीतरी लांबते. ठिपके दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्याच दिवशी उपचार थांबवला, तर रोग परत येतो तो यामुळे.

कल्ल्यांतल्या सूक्ष्म कृमींचे निदान मात्र डोळ्यांनी होत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातला साधा सूक्ष्मदर्शक आणि ते जीव ओळखणारी नजर पुरते.

औषध हवे तिथे, हवे तेवढे

कोणत्याही औषधाआधी हौदातले पाणी लिटरमध्ये माहीत हवे. अंदाजाने टाकलेले औषध एकतर कमी पडते किंवा मारते.

सर्वांत सौम्य आणि उपयोगी औषध स्वयंपाकघराजवळचे आहे, ते म्हणजे खडेमीठ. दर हजार लिटरला ३ किलो, म्हणजे आपल्या हौदाला १८ किलो. ते एकदम न टाकता विरघळवून, दोन दिवसांत तीन हप्त्यांत घालावे. मिठाने माशाच्या शरीरावरचा ताण हलका होतो, काही परजीवी आटोक्यात येतात आणि मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उन्हाने पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून पाणी भरून काढताना पुन्हा मीठ घालू नये. आणि हौदात कमळ असेल तर ते आधी हलवावे, तसेच हौदातून काढलेले खारे पाणी झाडांना देऊ नये.

पोटॅशियम परमँगनेट परजीवी आणि जिवाणूंवर चालते, पण ते दर हजार लिटरला २ ग्रॅमच्या आसपास वापरायचे औषध आहे. आपल्या अख्ख्या हौदाला फक्त १२ ग्रॅम. ते चमच्याने नव्हे, ग्रॅमच्या काट्यावर मोजावे. सामू जास्त असलेल्या पाण्यात ते कल्ल्यांना इजा करते, म्हणून सामू न मोजता हात लावू नये.

प्रतिजैविकांच्या पुड्या पाण्यात टाकणे सर्वांत महागात पडते. त्या पाण्यात रोगजंतूंबरोबर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात, आठवडाभरात अमोनिया चढतो आणि उरलेले मासे 'रोगाने' नव्हे, उपचाराने दगावतात. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, ते वेगळेच. अंगावर खोल जखम असेल, खवले उभे राहून मासा अननसासारखा फुगला असेल, तर तो एकटा वेगळ्या टबमध्ये ठेवून पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच उपचार करावा. खवले उभे राहिलेला मासा वाचण्याची शक्यता कमी असते, हे मन घट्ट करून ऐकून घ्यावे लागते.

हौदाची भिंत ओलांडणारे रोग

काही रोगांवर औषधच नाही. कोई हर्पिस विषाणू १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेतल्या साथींत लक्षात आला. २००२ मध्ये इंडोनेशियात त्याने आधी कोई आणि पाठोपाठ खाण्यासाठी वाढवलेला कार्प मारला. २००३ मध्ये जपानच्या कासुमिगौरा तलावात हजार टनांहून अधिक कार्प मेले. मासे सुस्तपणे तळाशी पडून राहण्याचा 'कार्प एडिमा' हा दुसरा विषाणूजन्य रोग. भारतातल्या कोई माशांत तो आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे विषाणू माणसाला होत नाहीत, पण माशाची जात ओलांडायची त्यांना गरजही नाही. धरणांत आणि शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर 'सायप्रिनस' सोडतात, तो कार्प आणि परसातला कोई ही एकच जात आहे.

म्हणूनच 'मरायचाच आहे, तर नदीत तरी सोडू' ही दया घातक ठरते. एरंडोलच्या अंजनी नदीत किंवा कुणाच्या शेततळ्यात सोडलेला एक आजारी कोई, मत्स्यबीज विकत घेऊन वर्षभर वाट पाहणाऱ्या मच्छीमाराच्या पोटावर पाय आणू शकतो. मेलेला मासा पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. आजारी हौदाची जाळी आणि बादली दुसऱ्या हौदाला वापरू नये. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवून मगच जुन्यांत सोडावा.

एकापाठोपाठ मासे मरत असतील तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे. जलचरांच्या रोगांवर देशभर नजर ठेवण्याचा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था त्याचा समन्वय करते. २०२३ मध्ये त्यासाठी 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अ‍ॅपही आले. तपासणीला नेताना आजारी पण जिवंत मासा उत्तम. नुकताच मेलेला असेल तर बर्फात ठेवून, पण न गोठवता, लगेच न्यावा. उन्हात दोन-चार तास पडलेला मासा काहीच सांगत नाही. सोबत स्वच्छ बाटलीत हौदाचे पाणी वेगळे द्यावे.

आता पुन्हा त्या पहाटेकडे जाऊ. सगळे मासे वर आलेले, मोठा मासा कलंडलेला. पहिल्या पाच मिनिटांत पंप सुरू किंवा बादली हातात. पुढच्या दहा मिनिटांत तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजून वहीत टिपलेले. दाणे बंद. टाकीत मुरवलेले पाणी थोडे थोडे हौदात. एवढ्याने सूर्य वर येईपर्यंत बहुतेक मासे खाली जाऊन पुन्हा पोहू लागले, तर दुकानाची फेरी वाचली. नाही लागले, तर पशुवैद्यकाला किंवा मत्स्य अधिकाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी आहे. 'मासे मरताहेत' एवढ्या निरोपावरून कोणालाच निदान करता येत नाही. 'रात्री वीज गेली होती, पहाटे पाणी ३२ अंश, सामू साडेआठ, अमोनिया अर्धा' एवढे लिहिलेले असेल, तर अर्धे निदान वहीतच झालेले असते.